घुम्याची शिकवणी

पत्ते हा नशिबाचा खेळ आहे, असं म्हणणारी माणसं हमखास हरलेली असतात! मी त्यातला नव्हे. ऑफिसातली पोकरची स्पर्धा जाहीर झाली त्याच दिवशी मी बायकोला सांगून टाकलं, "खिडकी आपलीच!"

खिडकीचं असं झालं. आमचं ऑफिस नव्या मजल्यावर जाणार होतं. तिथे एक टेबल खिडकीपाशी आणि एक थेट शौचालयाच्या दाराला चिकटून. भांडणं नकोत म्हणून साहेबांनी तोड काढली, "पोकर खेळा. जिंकेल त्याची खिडकी, बाकीच्यांचं मी बघतो." पैशांच्या जागी यू-पिना लावायच्या. जुन्या ऑफिसात तसल्याच दाराशेजारी मी अकरा वर्षं काढली आहेत. कोणाचं पोट बिघडलंय हे त्याच्या डॉक्टरच्या आधी मला कळतं! ती खिडकी मला अगदी मनापासून हवी होती.

गुरू मोबाइलवर सापडला. पट्टीचा व्यावसायिक खेळाडू, पण तोंडातून अक्षर काढेल तर शपथ! मी त्याचं नाव ठेवलं घुम्या. तीन आठवडे वही घेऊन त्याच्या स्पर्धा बघितल्या. सार एवढंच निघालं, की सुरुवातीला बहुतेक डाव सोडून द्यायचे, बाकीचे आपापसात लढून बाद होतात. आणि शेवटी हातात कचरा पत्ते असले तरी जवळचं सगळं पणाला लावून पुढे ढकलायचं, चेहरा दगडासारखा ठेवायचा. समोरचा घाबरून पत्ते टाकतो.

चेहऱ्याचा सराव घरीच सुरू केला.

"अहो, भाजी खारट झालीय का?"

मी दगड.

"ऑफिसात काही झालं का?"

दगड!

बायकोने घाबरून आईला बोलावलं. सासूबाई संध्याकाळी बॅग घेऊन हजर. "जावईबापू, पोट साफ होतंय ना?" मी पापणीसुद्धा हलवली नाही. त्या लेकीकडे वळल्या. "बघ, पोटाचंच आहे! यांच्या साहेबांच्या कानावर घालून ठेव." सराव मोडायला नको म्हणून मी त्यावरही गप्प बसलो.

शनिवारी जेवणानंतर सामना सुरू झाला. मी डाव सोडत राहिलो आणि घुम्याची विद्या खरी ठरली! हिशेबनीस वीस मिनिटांत गारद. त्याच्यामागून एकेक करत सगळे उठले. उरलो मी आणि जावकच्या बाई. बाई जन्मभर बाहेर जाणाऱ्या पत्रांवर शिक्के मारत आलेल्या, पत्ते हातात पहिल्यांदाच धरलेले.

"बदाम म्हणजे लालच ना हो?" त्यांनी विचारलं.

मला त्यांची दया आली. माझ्याकडे सत्ती आणि दुर्री, म्हणजे शुद्ध कचरा. मी सगळ्या यू-पिना पुढे ढकलल्या, चेहरा दगड केला आणि बाईंच्या कपाळाकडे एकटक बघत बसलो. बाईंनी पत्ते पाहिले, मग मला पाहिलं. पुन्हा मला पाहिलं. आणि आपला सगळा ढीग पुढे सारला!

त्यांच्याकडे चौकीची जोडी निघाली. माझ्याकडे काहीच नाही. मी हरलो.

"अहो बाई, सोडायचं होतं ना!" दगडाला वाचा फुटली. "मी सगळं लावलं होतं, भीती नाही वाटली?"

"वाटली की! तुमचा चेहरा बघून फार वाटली," बाई कळवळून म्हणाल्या. "म्हटलं, कोण हरेल ते हरेल, पण डाव संपू दे. माणूस केव्हाचा पोटातली कळ दाबून बसलाय!"

खिडकी बाईंना मिळाली. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वहिनींचा फोन आला होता. काही लाजू नका, तुमच्या सोयीचं टेबल मी आधीच राखून ठेवलंय."

नव्या ऑफिसात दार जरा जास्तच जवळ आहे.