प्या हो, गार होईल

"काका येईपर्यंत पाहुण्यांना मीच सांभाळतो," असं मी म्हणालो आणि तिथंच सगळं बिघडलं. (माझं बहुतेक सगळं 'मीच बघतो' इथूनच बिघडतं. जॉर्डनमधल्या इरबिदच्या नगरपालिकेत मी जन्माचे दाखले लिहितो. मागच्या वर्षी तिथं एका खापरपणजोबांना मी नव्याने जन्माला घातलं.)

झालं होतं असं, की वरच्या मजल्यावरच्या अबू हातेमनं ऑलिव्ह तेलाचे डबे जिन्यात आणून ठेवले. त्यातला एक गळत होता. माझी बायको नजाह दोन दिवस त्याच्या मागे लागली होती, "अहो, डबा उचला, कुणीतरी पडेल." तो आपला म्हणायचा, "उद्या, इन्शाल्ला!" तिसऱ्या दिवशी तीच पडली. उजवं मनगट मोडलं.

नजाह नवरीच्या झग्यांवर भरतकाम करते. प्लास्टर निघालं तेव्हा तिच्या बोटांत सुई धरवेना. डॉक्टर म्हणाले, "लगेच ऑपरेशन केलंत तर हात पूर्वीसारखा होईल." वकीलबाईंनी दावा लावला. चूक त्याची, तर खर्चही त्याचा, हा कायद्यानं हक्कच आहे म्हणाल्या. जाता जाता मला बजावलं, "अबू सखर, तुम्ही फक्त गप्प बसा."

आमच्याकडे ज्याच्या हातून नुकसान होतं, तो वडीलधारी मंडळी घेऊन घरी येतो. कॉफी आली की म्होरक्या कप खाली ठेवतो आणि मागणं मांडतो. यजमान 'प्या' म्हणाला की मागणं मान्य, वाद मिटला. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काकांनी सांगायचं ठरलं होतं, 'आधी ऑपरेशन, मग कॉफी.' पण काकांची गाडी वाटेत बंद पडली आणि इकडे वीस माणसं दारात.

हाजी मिथकाल त्यांचे म्होरके. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या आजोबांपासून स्तुती सुरू केली. आजोबा झाले, वडील झाले, वडिलांचं गाढवही झालं. मी गप्प होतो, खरंच! पण माझा सगळा जीव त्या कपात. वाफ केव्हाच गेली होती. आमच्या घरात पाहुण्याला गार कॉफी? आई असती तर मला फोडून काढलं असतं.

"तेव्हा आमचं मागणं एवढंच," हाजी म्हणाले, "की तुम्ही दावा सोडून द्यावा..." आणि त्यांना ठसका लागला.

"अहो हाजी, प्या की आधी! गार होईल!"

हाजींनी एका घोटात कप रिकामा केला.

"अल्ला तुझं घर भरलेलं ठेवो!"

"अहो नाही, मी आपलं गार होईल म्हणून..."

"काय हा मोठेपणा! आणि वर लाजतोय!"

अबू हातेम रडत माझ्या गळ्यात पडला. (मी त्याची पाठ थोपटली. वर खजूरही पुढे केले. मी असाच आहे.)

मंडळी गेल्यावर नजाह आतून आली आणि डाव्या हातानं कप उचलू लागली.

"काय केलंत हे?"

"अगं, गार होत होती..."

"होऊ द्यायची होती."

एवढंच. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं सुयांची डबी कपाटावर ठेवून दिली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. हाजींकडे शब्द परत मागायला गेलो, तर त्यांनी माझी दृष्टच काढली. बाजारात लोक माझ्या दिलदारपणाचे गोडवे गात होते. खाटीक मटण जास्त घालू लागला. इकडे दावा तसाच पडून होता आणि त्याच्या पैशांवाचून ऑपरेशनही.

तीन महिन्यांनी नजाह मला न सांगता वकीलबाईंकडे गेली. तारखेला न्यायाधीशांनी मला उभं केलं.

"हात कुणाचा मोडला?"

"हिचा, साहेब."

"माफ कुणी केलं?"

"मी."

"तिला विचारून?"

"नाही. कॉफी..."

"खाली बसा. तुमच्या म्हणण्याला इथं काडीची किंमत नाही."

आपल्या शब्दाला किंमत नाही, हे ऐकून आनंदानं डोळे भरून आलेला माणूस त्या कोर्टानं पहिल्यांदाच पाहिला असेल. अबू हातेमला खर्च भरावा लागला आणि ऑपरेशन झालं. पण डॉक्टर म्हणाले, "तीन महिने उशीर केलात." आता नजाहला मोठा टाका घालता येतो. बारीक नाही, आणि तो आता कधीच यायचा नाही. ते तीन महिने माझे आहेत.

परवा ती तिसऱ्यांदा टाका उसवत बसली होती. मला राहवेना. तिच्यासमोर जाऊन बसलो.

"नजाह, मला माफ कर गं."

तिनं आणखी एक टाका उसवला.

"मला कशाला विचारताय?" ती म्हणाली. "माझ्या वतीनं माफ करायची सवय आहे ना तुम्हाला? टाका करून."