आप्पांनी लावलेली जोड

या, अशा जवळ बसा. मागच्या खेपेला चहा अर्धा टाकून आमच्या आप्पांना हसत हसत गेलात, ते काही मला आवडलं नाही. माणूस पुरता ऐकून घ्यावा, मग हसावं.

आप्पा म्हणजे माझे धाकटे दीर. उभा जन्म पाटसच्या आसपास यात्रेतल्या कुस्त्यांना पंच. गुडघे गेले, आखाडा सुटला, आन् मोबाईलवर बुद्धिबळ बघायचा नाद लागला. जगातला एक नंबरचा खेळाडू पुढं कुणाशी, कधी खेळणार, सगळं तोंडपाठ. त्याला म्हणतात ‘आपला पहिलवान’. देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहितात, ‘शुक्रवार, दुपारी साडेचार. निकाली जोड. आपला पांढऱ्याकडून.’ खाली टीप, ‘तिकडं तवा जेवणवेळ असते.’

मी एकदा म्हटलं, “भावजी, मातीशिवाय कसली हो कुस्ती?”

“घोडा पायात घालतो तो, वहिनी. माती काय करायचीय?”

हा खेळ त्यांना शिकवला दौंडच्या इब्राहिमभाईंनी. भाई घड्याळं दुरुस्त करायचे. दर बाजारच्या दिवशी त्यांच्या दुकानात दोघांचा पट मांडलेला. वर्षापूर्वी भाईंचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ते घराबाहेर पडेनात. पट तर नकोच म्हणाले. आप्पा रोज फोनवर पुढच्या सामन्याची वेळ सांगायचे, “या की, नुसतं बघू.”

भाई म्हणायचे, “आपण दोघंच बसणार, आन् तुम्ही माझ्या हाताकडं बघत राहणार. चार माणसं असतील तवा सांगा.”

झालं. आप्पांनी देवळाचा माईक धरला. “शुक्रवारी आपल्या अंगणात जगातली एक नंबर जोड. पहिलवानांनी यावं.” बुद्धिबळ हा शब्द तेवढा सांगायचा राहिला.

कासुर्डीहून टेम्पो भरून पहिलवान आले. हलगीवाला आला. अंगणात आमचा टीव्ही, त्याला मोबाईल जोडलेला, आन् त्यात दोन माणसं गालाला हात लावून बसलेली. हलगीवाल्यानं पाच मिनिटं वाजवलं, मग त्याची त्यालाच लाज वाटली.

“आप्पा, हे लंगोट कवा कसणार?”

“कसलाय. आतून.”

“अर्धा तास झाला, कुणी हात घालंना. आमच्याकडं लोकांनी नारळ फेकून मारले असते.”

मंडळी उठायच्या बेतात, तेवढ्यात भाई सुनेचा हात धरून रिक्षातून उतरले. एक आडदांड गडी त्यांच्याकडं सरकला.

“चाचा, हे तिरकं कोण पळतंय?”

“उंट.”

“आन् राजा?”

“त्याला एका वेळी एकच घर.”

“एवढा राजा, आन् पळायला जागाच न्हाई व्हय?”

भाई हसले. काडी मागितली, डाव्या हातानं भुईवर चौकटी आखल्या, खडे मांडले. सगळे टीव्हीकडं पाठ करून त्यांच्याभोवती. हलगीवाला तर दोनदा हरला.

दिवस मावळायला टेम्पो गेला, रिक्षा गेली. आप्पा वायर गुंडाळत होते. मी विचारलं, “भावजी, कोण जिंकलं हो?”

“बघायचं राहिलं, वहिनी.”

आता भाई दर सामन्याला येतात. येईल त्याच्याशी डाव्या हातानं खेळतात. आप्पांसमोर मात्र अजून बसलेले नाहीत. आप्पा म्हणतात, घाई न्हाई. पाणी देतात, जरा लांब बसतात.

तर पुढच्या सामन्याला तुम्हीही या. चार माणसं असली की भाई येतात.