सात नावांची तिजोरी

कासारखडीत तिजोरी किल्लीनं बंद होत नाही, नावानं बंद होते. दाराच्या आतल्या अंगाला चपट्या खाचा असतात. एकेका खाचेत एकेका माणसाचं नाव लिहिलेली चिठ्ठी सारायची आणि दार लोटून द्यायचं. ज्यांची नावं आत गेली त्यांनी कितीही ओढलं तरी दार हलत नाही. बाकी जगाला ते करंगळीनं उघडतं.

धोंडीराम नलवड्यांना हे लहानपणापासून माहीत होतं, पण स्वतः तिजोरी घ्यायची पाळी कधी आली नव्हती. सोळा वर्षं फौजेत आणि पुढं एकवीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहून ते घरी बसले होते. बारा बोअरची दुनळी त्यांच्याच परवान्यावरची, म्हणून तीही त्यांच्याबरोबर घरी आली. ती गोधडीत गुंडाळून कपाटावर असे. घराचं खरेदीखत, शेताचे उतारे, पेन्शनचा मूळ आदेश हे सगळं पत्र्याच्या पेटीत. परवान्याच्या नूतनीकरणाला गेल्यावर ठाण्यातल्या हवालदार मुल्लांनी त्यांचा अर्ज परत सरकवला.

"गोधडी चालत नाही आता," मुल्ला म्हणाले. "तिजोरी पाहिजे. किमान तीन नावांची. आम्ही येऊन तपासणार."

"तीन माणसं कुठून आणू?"

"त्यात ठाणं काही सांगू शकत नाही. नावं ज्याची त्यानं घालायची."

बाजारपेठेत शेट्यांचं दुकान होतं. तीन नावांची, सात नावांची, एकवीस नावांची अशा तिजोऱ्या ओळीनं उभ्या होत्या. धोंडीरामांनी तीन नावांच्या तिजोरीवर हात ठेवला, तसे शेटे खुर्चीतून उठून आले.

"पाहुणे, एक सांगू? तीन नावांची घेऊ नका. तिघांत ज्याचं नाव येतं तो माणूस तुमचा उंबरा सोडतो. एकविसांत आलेल्याला काही वाटत नाही, गर्दीतच बसलेला असतो तो. सात हे मधलं आहे. माणूस रागावतो, पण लग्नाला येतो."

"आणि चोराचं काय?"

"ओळखीचाच पाहिजे. ज्याच्या घरी तुम्ही जेवलाय, त्याचंच नाव खाच धरते. अनोळखी चोर आला तर दार उघडणारच." शेट्यांनी दारावरची धूळ पंच्यानं पुसली. "पण माझी बत्तीस वर्षं गेली या धंद्यात. अनोळखी चोर मला अजून एकही भेटला नाही."

सात नावांची तिजोरी घरी आली. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, म्हणून कायद्यानं चार नावं धोंडीरामांनी लिहायची आणि तीन मालनबाईंनी. एकमेकांना दाखवायची नाहीत. सातही खाचा भरल्याशिवाय दार बसत नाही, आणि एकदा बसलं की चिठ्ठ्या वर्षभर आतच. वर्ष भरलं की त्या कोऱ्या होऊन खाली पडतात.

दुपारी जेवण झाल्यावर धोंडीराम चिठ्ठ्या घेऊन सोप्यात बसले. पहिलं नाव पडायला वेळ लागला नाही. धाकटा भाऊ श्रीपती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत दोन वर्षं धुसफूस होती. दुसरं शेजारच्या पोवार मास्तरांचं, कारण ते गरज नसताना फार गोड बोलत. तिसरं मेहुण्याचं. चौथ्याला मात्र ते अडले. पेन चावत बराच वेळ बसले आणि काही सुचेना म्हणून मुलाचं, अभिजितचं, नाव लिहून मोकळे झाले. अभिजित पुण्याला होता, सरळ पोरगा होता. पण नाव लिहून झाल्यावर कारणं आपसूक सुचायला लागली. गेल्या दिवाळीत त्यानं घराचं क्षेत्रफळ विचारलं होतं. का विचारलं होतं? धोंडीरामांनी चिठ्ठीची घडी घातली आणि आपण वेळेवर सावध झालो असं त्यांना वाटलं.

मालनबाईंनी भिंतीकडं तोंड करून आपल्या तीन चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांना फार वेळ लागला नाही.

गावात नवी तिजोरी आली की माणसं बघायला येतात. चहा घ्यायचा, पत्रा जाड आहे म्हणायचं आणि जाता जाता सहज म्हणून दार ओढून बघायचं, अशी रीत आहे. उघडलं तरी "छान आहे" म्हणायचं, नाही उघडलं तरी "छान आहे" म्हणायचं. पोवार मास्तर छान आहे म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून गेले.

तिसऱ्या दिवशी श्रीपती आला. त्यानं दार ओढलं. पुन्हा ओढलं.

"घट्ट आहे, दादा."

"हं."

"पहिलंच नाव का?"

धोंडीरामांनी मान हलवली. श्रीपतीनंही हलवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता; थोडं समाधानच होतं. "ही धरून अकरा झाल्या," तो म्हणाला. "अकरा तिजोऱ्यांत आहे माझं नाव. गावात एवढं सरपंचाचंही नसेल." आणि पारावर जाऊन त्यानं ते चार माणसांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात हवालदार मुल्ला तपासणीला आले. वही उघडून ते बाजेवर बसले. "चला, हत्यार दाखवा. नंबर बघून घेतो."

धोंडीराम उठले, तिजोरीपाशी गेले आणि त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही. कवायतीत चुकल्यासारखे ते एक पाऊल मागं आले, पुन्हा पुढं झाले, पुन्हा ओढलं. मालनबाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पदर नीट केला.

मुल्लांनी वहीत लिहिलं: परवानाधारकास उघडत नाही. मग ते उठले, एका बोटानं दार उघडून त्यांनी दुनळीचा नंबर बघितला, काडतुसं मोजली, दार लोटलं.

"हे चालतं का?" धोंडीरामांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"नियमात हत्यार सुरक्षित पाहिजे एवढंच आहे," मुल्ला म्हणाले. "परवानाधारकाला उघडलं पाहिजे असं कुठं नाही. खरं सांगायचं तर अशाच ठिकाणी आम्हाला घोर नसतो." त्यांनी शिक्का मारला, चहा घेतला आणि गेले.

दोन दिवस धोंडीराम बायकोशी बोलले नाहीत. जेवताना ते तिच्या हाताकडं बघत. याच हातानं नाव लिहिलं. कोणत्या अक्षरापासून सुरुवात केली असेल? नुसतं धोंडीराम लिहिलं की आडनावासकट? तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तांदूळ निवडत असताना ते समोर येऊन बसले.

"माझं नाव घातलंस."

"घातलं."

"का?"

मालनबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. "विहिरीवर श्रीपतभावजींशी तुमचं वाजलं त्या दिवशी तुम्ही बंदूक खाली काढलीत. उंबऱ्यात बसून दोन तास पुसत होता. आदल्याच दिवशी पुसून ठेवलेली. चहा दिला तो निवून गेला."

"मी काही करणार नव्हतो."

"मला ठाऊक आहे. पण त्या दोन तासांत मला ठाऊक नव्हतं."

धोंडीरामांनीही तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. ते म्हणाले, "मग आता लागेल ते तूच काढून देत जा."

"मला नाही उघडत. दुसरं नाव माझंच आहे." त्या तांदूळ पाखडायला लागल्या. "उद्या अभिजितचा फोन आला, आई, घराचे कागद पाठव, तर मी विचारणार नाही कशाला. पाठवून देईन. माझा मला भरवसा नाही."

"आणि तिसरं?"

"तुमची चार मी विचारली का?"

तिसरं नाव त्यांनी सांगितलं नाही. धोंडीराम पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ते ओळखायचा प्रयत्न करत राहिले, पण सगळीच तोंडं तशी दिसू लागली.

नोव्हेंबरात बँकेनं हयातीच्या दाखल्याबरोबर पेन्शनचा मूळ आदेश मागितला. तो तिजोरीत होता. मुल्लांना विचारलं, तर हत्याराव्यतिरिक्त कामासाठी पोलिसानं तिजोरी उघडायची तर वरून लेखी हुकूम लागतो, असं उत्तर आलं. तेव्हा दोघं नवरा-बायको सोप्यात बसले आणि सगळी गल्ली त्यांनी एका टोकापासून धरली. सात सोडून कुणालाही दार उघडणार होतं. पण ज्याला बोलवावं, त्याच्या हाताला बंदूक आणि घराचं खरेदीखत लागणार. दूधवाला? त्याचा भाऊ कोर्टात असतो. वाण्याची सून? फार प्रश्न विचारते. भजनी मंडळातले देशिंगे? माणूस चांगला, पण इतका चांगला का? एकेक नाव हातात घेऊन बघितलं की त्याला कुठं ना कुठं डाग निघे. संध्याकाळपर्यंत गल्ली संपली.

"शेवंता," मालनबाई शेवटी म्हणाल्या.

शेवंता म्हणजे श्रीपतीची बायको. धोंडीरामांनी डोकं खाजवून तिच्यात काही सापडतं का बघितलं. काहीच सापडेना. ती अठ्ठावीस वर्षं समोरच्या घरात राहत होती आणि तिचा आवाज कसा आहे हेसुद्धा त्यांना नीट आठवेना.

शेवंता दुसऱ्या दिवशी सकाळी आली. कुठं आहे म्हणून तिनं विचारलं नाही. थेट तिजोरीकडं गेली, करंगळीनं दार उघडलं, सांगितलेला कागद काढून धोंडीरामांच्या हातात दिला, दार लोटलं. मग उगीचच पुन्हा उघडून बघितलं.

"सवय आहे वाटतं," धोंडीराम म्हणाले.

"गावातल्या सगळ्या मीच उघडते, दादा. काल तिघांकडं जाऊन आले. कुणाला कागद हवा असतो, कुणाला सोन्याचा डाग." ती तिजोरीकडं पाठ करून उभी राहिली. "आमच्या ह्यांचं नाव अकरा ठिकाणी आहे. माझं एकाही ठिकाणी नाही. माहेरी दोन तिजोऱ्या आहेत, त्या पण उघडतात. एवढी वर्षं संसार केला, कुणाला एकदा वाटू नये का, की ही काही करू शकेल?"

मालनबाई म्हणाल्या, "बस, चहा टाकते."

"नको आक्का. पाटलांच्यात बोलावलंय."

वर्ष भरलं तशा सात कोऱ्या चिठ्ठ्या खाली पडल्या. मालनबाईंनी आपल्या तीन पुन्हा भिंतीकडं तोंड करून लिहिल्या. धोंडीरामांनी पहिल्याच चिठ्ठीवर ठळक अक्षरात शेवंता श्रीपती नलवडे असं लिहिलं आणि कारण सुचायची वाट न बघता ती खाचेत सारली. त्या खाचेत गेल्या वर्षी श्रीपती होता. त्याला सांगितलं तेव्हा तो पारावर आठ दिवस गेला नाही.

शेवंताला बोलावणं धाडलं. ती आली, दार ओढलं. हललं नाही. तिनं चप्पल काढली, पाय भिंतीला लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. कपाळाला घाम आला. दार जिथल्या तिथं होतं. ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि तसंच पदरात तोंड धरून थोडा वेळ बसून राहिली.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "आक्का, आता चहा टाका."

त्या दिवशी ती दोन कप चहा प्यायली आणि खूप बोलली. तिचा आवाज भरदार होता.

यंदाही बँकेनं मूळ आदेश मागितला आहे, आणि तो पुन्हा तिजोरीतच आहे. मुदत तीस तारखेची आहे. धोंडीराम आणि मालनबाई रोज जेवण झाल्यावर सोप्यात बसतात आणि आता शेजारच्या गावातली माणसं एकेक करून बघत आहेत.