हिरव्या चौकोनातला वास

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता शांतिदूत केमिकल्समध्ये बापूराव खांदवे यांना वास आला. अमोनियाच्या कारखान्यात अमोनियाचा वास येणे ही बाब तशी दखलपात्र नव्हे. परंतु बापूरावांनी तो नोंदवहीत लिहिला आणि प्रश्न निर्माण झाला.

सुरक्षा अधिकारी दीपाली ओव्हाळ लोखंडी जिना चढून वर गेली. तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं होते आणि निवृत्तीच्या दिवशी दहाही बोटं घेऊन घरी आले होते. नोकरी कशी करावी, याची तिची कल्पना तिथून आली होती.

"मॅडम, ह्यो पायपाचा जोड बघा," बापूराव म्हणाले. "आतलं पॅकिंग गेलंय. डोळं चुरचुरत्यात."

"बदलायला किती वेळ?"

"प्लांट थांबवला तर चार तास. न्हाई थांबवला तर त्योच थांबवंल."

प्लांट थांबवण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुख श्रीधर साठ्ये यांना होता आणि शुक्रवारी 'अपघातविरहित हजार दिवस' हा सोहळा होता. साठ्ये सदाशिव पेठेतले. आवाज न चढवता नाही म्हणण्यात निष्णात.

"वास म्हणजे गळती नव्हे," ते म्हणाले. "गळती सिद्ध व्हावी लागते."

"गॅस मोजायचं यंत्र तपासणीसाठी बाहेर गेलंय, सर."

"मग सिद्ध कशी होणार? नियम तुमच्याच खात्याचे आहेत."

दीपालीने जोखीम-तक्ता भरला. धोक्याची शक्यता किती आणि किती कामगारांना इजा होईल, यांचा गुणाकार करून चौकोनाचा रंग ठरतो. जोडाखाली तेवीस कामगार होते. चौकोन लाल आला. लाल म्हणजे चोवीस तासांत प्लांट बंद.

साठ्यांनी तक्त्यातल्या 'कामगार' या रकान्यावर बोट ठेवले. "एवढी माणसं तिथं हवीत कशाला? हलवा."

बुधवारी बावीस जण गोदामात गेले. चौकोन पिवळा झाला. पिवळ्याला महिनाभराची मुदत असते, पण पाहुण्यांसमोर पिवळा बरा दिसत नाही. गुरुवारी बापूरावांनाही हलवून सत्कार विभागात, म्हणजे शाली-नारळ मोजायला, बसवण्यात आले. कामगार शून्य, गुणाकार शून्य, चौकोन हिरवा. वास घेणारेच कोणी न उरल्याने नोंदवहीतल्या तक्रारीही थांबल्या. अहवालात याचा उल्लेख 'लक्षणीय सुधारणा' असा झाला. दीपालीने त्यावर सही केली नाही. साठ्यांनी सौजन्याने 'सही प्रलंबित' असा शिक्का मारला.

शुक्रवारी मांडवासाठी जागा शोधताना असे आढळले, की संपूर्ण आवारात एकच मोकळी जागा आहे. तेवीस माणसे हलवल्याने ती मोकळी झाली होती.

"सर, तिथं तीनशे लोक बसणार आहेत!" दीपाली जवळजवळ ओरडली.

"ते पाहुणे आहेत. तक्त्यात रकाना 'कामगार' असा आहे. आपण जरा शांतपणे वाचत चला."

अकरा वाजून वीस मिनिटांनी, सुरक्षा ही एक संस्कृती आहे असे प्रमुख पाहुणे सांगत असताना, जोड सुटला. पांढरा धूर खाली उतरू लागला. दीपालीने धावत जाऊन भोंगा दाबला. पाहुण्यांना ते प्रात्यक्षिक वाटले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग डोळ्यांतून पाणी यायला लागले आणि खुर्च्या उलट्या झाल्या.

बापूरावांनी सत्काराची एक शाल पिंपातल्या पाण्यात बुडवली, तोंडाला गुंडाळली आणि ते जिना चढले. मागचा व्हॉल्व्ह त्यांनी हाताने फिरवून बंद केला. खाली आले तेव्हा दीपालीने त्यांना नळाखाली बसवले आणि त्यांच्या डोळ्यांवर पाणी सोडले.

"बंद झाला का वो, मॅडम?"

"झाला. डोळे उघडे ठेवा, बापूराव."

"उघडंच हायती की."

तिने मान वळवली. त्यांना ते दिसणार नव्हते, तरीही.

पाहुणे सगळे वाचले. बापूरावांचा डावा डोळा महिनाभराने परत आला, उजवा नाही. चौकशीत निष्पन्न झाले, की त्या जागेवरून बदली झालेला कर्मचारी तिथे विनापरवानगी गेला होता. सबब तो अपघात नव्हे, शिस्तभंग होय. बापूरावांना तशी नोटीस मिळाली. उर्वरित प्रकाराची नोंद 'यशस्वी सराव' अशी झाली. दीपालीने मात्र स्वतःचा अहवाल सरकारी निरीक्षकांना पाठवला. तिची बदली स्टेशनरी विभागात झाली. बापूरावांची नोटीस तेवढी मागे घेतली गेली. शिवाय निरीक्षकांचा एक आदेश निघाला: आसपासच्या वस्तीला सवय व्हावी म्हणून दर शनिवारी दोन मिनिटे भोंगा वाजवावा.

पहिल्या शनिवारी तो वाजला. सोमवारी भोवतालच्या नव्या गृहसंकुलांकडून चारशे बारा जणांच्या संमतीचे निवेदन आले. ज्येष्ठांची दुपारची झोप मोडते, मुलांचे क्लास बुडतात, मुख्य म्हणजे फ्लॅटचे भाव पडतात. भोंगा कायमचा बंद करावा. साठ्यांनी लोकभावनेचा आदर करून त्याच दिवशी वायर कापली.

दीपालीने स्टेशनरीतून फोन करून सोसायटीच्या चेअरमनांना विचारले, "चारशे बारा जणांनी खरंच वाचून संमती दिली?"

"वाचायला कुणाला वेळ आहे, मॅडम? सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. अंगठा आला की संमती."

खरेच होते. आपणच तर तो मेसेज जेवता जेवता पाहिला होता, आणि अंगठ्याचे चिन्ह टाकून पुढे गेलो होतो.