वजनदार गप्प

खरेदी विभागाच्या साहेबांनी घरी आल्यावर बूट काढले आणि बायकोच्या प्रश्नाला उत्तर न देता तिच्याकडे नुसतं बघत राहिले.

"घसा बसलाय का?" तिने विचारलं.

"नाही," ते खालच्या पट्टीत म्हणाले.

घशाला खरंच काही झालं नव्हतं. दुखत होतं ते पोटात. विक्री विभागाचे साहेब त्यांच्याच बरोबर नोकरीला लागलेले. मीटिंगमध्ये काही विचारलं की हे गृहस्थ आधी गप्प बसायचे, चष्मा काढायचे, मग सावकाश एखादंच वाक्य बोलायचे आणि कंपनीच्या मोठ्या मॅडम ते लिहून घ्यायच्या. खरेदीसाहेब मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचे, वर एखादा किस्सा जोडायचे. तोवर मॅडम फोन बघायच्या. परवा तर त्या म्हणाल्या, विक्रीसाहेब आत आले की खोली भरल्यासारखी वाटते. खरेदीसाहेब वजनाने त्यांच्या दीडपट होते, पण त्यांच्याबद्दल असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून हा सराव.

पुढच्या मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं की खरेदीतली सहायिका काही दिवस विक्रीला देता येईल का. 'अजिबात नाही' हे त्यांच्या ओठांवर होतं. पण त्यांनी चष्मा काढला. तो पुसून होईपर्यंत मॅडम आभार मानून मोकळ्या झाल्या होत्या. असा मोठेपणा सगळ्यांनी दाखवावा, असंही म्हणाल्या.

मग जुनं गोदाम हलवायचं निघालं. बाकीच्यांनी भराभर सबबी सांगितल्या. खरेदीसाहेब शांत बसले, आणि गोदाम त्यांच्या गळ्यात पडलं. शेवटी सहायिकेचं टेबल विक्रीसाहेबांच्या खोलीत मावेना, म्हणून मॅडमना दोघांच्या खोल्यांची अदलाबदल सुचली. या वेळी ते घाईने बोलायला गेले, पण खालच्या पट्टीत नुसतं 'हं' उमटलं. दुपारपर्यंत त्यांची खुर्ची विक्रीसाहेबांच्या जुन्या, झेरॉक्स मशीनशेजारच्या खोपट्यात गेली.

बायकोने ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, पण तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"म्हणणारच होतो. मध्ये थांबलो होतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विक्रीसाहेब खोपट्यात आले आणि दार लोटून उभे राहिले. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, खरेदीसाहेबांकडून जरा शिका.

"खरं सांगू? मला पहिल्यापासून तुमचा हेवा वाटतो," ते म्हणाले. "तुम्हाला कसं पटकन सुचतं. मला काही सुचतच नाही हो. म्हणून गप्प बसतो."

खरेदीसाहेबांना इतका आनंद झाला की थांबायचं भान राहिलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे सौदा केला: खोली आणि सहायिका परत द्यायची, गोदामही अर्धं वाटून घ्यायचं, बदल्यात बोलायचं कसं ते हे शिकवणार. रोज ऑफिस सुटल्यावर शिकवणी सुरू झाली. शिक्षक मन लावून शिकवत होते. स्वतःचे दोन-तीन ठेवणीतले किस्सेही त्यांनी देऊन टाकले.

पुढल्या महिन्यात एका मीटिंगनंतर ते घरी आले ते तोंड पाडूनच.

"आता काय झालं?" बायको म्हणाली. "खोली मिळाली ना परत?"

"मिळाली."

"सहायिका?"

"तीही आली."

"मग?"

"त्याने आज माझा लिफ्टमध्ये अडकल्याचा किस्सा सांगितला. मॅडमच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं." ते जरा थांबले. या वेळी सराव म्हणून नव्हे. "माझ्यापेक्षा चांगला सांगितला गं."