राऊत मॅडमची तहानलेली मशीन

आमच्या राऊत मॅडम की-बोर्ड उलटा करून माणूस ओळखतात. खरंच सांगते! टेबलावर पेपर अंथरायचा, त्यावर की-बोर्ड पालथा धरायचा, बुडावर दोन थापट्या मारायच्या आणि खाली काय पडलं ते चष्मा कपाळावर सारून बघायचं.

"हा सुपारी-तंबाखूचा खर्रा. म्हणजे स्टोअरचा वानखेडे येऊन गेला. ही शेव अकाउंटवाल्यांची. आन हा पांढरा केस कोणाचा वं? साहेब बसले होते का इथं?"

साहेबच बसले होते!

आमची बियाणं-खतांची कंपनी. ऑफिसात कम्प्युटर आला आणि त्याच्यापायी अख्ख्या इमारतीत एकच एसी बसला, तो आमच्या खोलीत. माणसांना कूलर, मशीनला एसी. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात ज्याला त्याला कम्प्युटरबद्दल फार माहिती हवी असते. मॅडम दारातच उभ्या. "काय पाहिजे गा? कम्प्युटर पाहाले आला? मग एसीकडे तोंड करून काहून उभा आहेस? मशीन मागं आहे."

कम्प्युटर सेक्शन म्हणजे आम्ही दोघीच. मॅडम इन्चार्ज आणि मी ऑपरेटर. मी मौद्याची, इथं मावशीकडे राहते. टायपिंग इतकं फास्ट करते की परीक्षेत सरांनी येऊन माझ्याच मशीनकडे बघत बसावं. पण नोकरी सहा महिन्यांच्या ट्रायलवर. बाबांनी निघतानाच सांगून ठेवलेलं, "पक्की झाली तर राह्य. नाही तर घरी ये, स्थळ पाहून ठेवलं आहे." त्या स्थळाचा फोटो मी पाहिला होता. म्हणून तर आणखी जोरात टायपत होते!

मॅडमकडून मी काय काय शिकले, सांगू? प्रिंटरची रिबन फिकी पडली की लगेच नवी मागायची नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा आणि रात्रभर ठेवायची, सकाळी अक्षरं काळीकुट्ट. प्रिंटरचा कागद कूलरजवळ ठेवायचा नाही, ओल धरतो, फुगतो आणि मग दर पानाला अडकतो. मशीनच्या पोटातल्या कार्डाचे पितळी दात मळले तर शाळेतल्या पेन्सिलच्या खोडरबरानं पुसायचे. स्क्रीन काळी पडली तर बोंबलायच्या आधी उजेडाचं बटण बघायचं, कोणीतरी फिरवलेलं असतं. (वानखेडे.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, नायलॉनची साडी नेसून आलं की मशीनला हात लावायच्या आधी स्टीलच्या कपाटाला हात लावायचा. अंगातला करंट तिथंच सोडायचा. उन्हाळ्यात तर चटकन ठिणगी दिसते! नवीन माणसं हे बघतात, कपाटाला हात लावतात आणि तो हात कपाळालाही लावतात. मॅडम कोणाला काही म्हणत नाहीत. "लावू दे. हात तर लागला न."

कोणी तक्रार घेऊन आलं की त्यांचं एकच वाक्य, "भिंतीपासून सांग." म्हणजे भिंतीतला प्लग, मग वायर, मग पेटी, मग पडदा. मधूनच सुरू केलं की त्या ऐकतच नाहीत. मागे मावशीशी भांडून मी रडत ऑफिसात आले, तर मलाही तेच. "भिंतीपासून सांग." मी अगदी सकाळच्या चहापासून सांगत गेले आणि संपेपर्यंत भांडणाचं कारणच मला सापडेना.

पण सगळ्यात गूढ भानगड म्हणजे बादली. आमच्या खिडकीमागे, कम्पाउंडच्या भिंतीला लागून एक लहानसा खड्डा होता. त्यात एक लोखंडी पाइप उभा. मॅडम रोज सकाळी चपला काढून तिथं बादलीभर पाणी ओतायच्या आणि मूठभर खडेमीठ टाकायच्या. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी नाही, लोक प्यायला रडतात आणि या बाई खड्ड्यात बादली रिकामी करतात! कोणी विचारलं की म्हणायच्या, "मशीनले तहान लागते." त्यातून मीठ म्हटल्यावर ऑफिसची खात्रीच पटली. बाई मशीनची नजर काढतात.

तर या राऊत मॅडम मे महिन्यात चक्क रजेवर गेल्या! कोणी कधी त्यांची रजा पाहिली नव्हती. कारण विचारलं तर, "आहे घरचं." बादलीचं काम त्यांनी आमच्या शिपायाला, किसनभाऊंना सांगितलं.

आणि मशीन अडकायला लागली. मी शंभर ओळी भराव्यात आणि पडदा गप्प. पुन्हा सुरू करा, पुन्हा पहिल्यापासून भरा, पुन्हा गप्प. मी भिंतीपासून सगळं बघितलं. प्लग ठीक, वायर ठीक, कपाटाला तर इतके हात लावले की रंग निघायचा बाकी होता. तिकडे पेरणीच्या बियाण्यांच्या याद्या डेपोंना जायच्या होत्या.

शेवटी देशकर साहेब आले. वाईट माणूस नाही, पण हिशेब सरळ. "देख बेटा, मॅडम असल्या की मशीन चालते. तू बसली की बंद पडते. किती जोरात बडवते तू ते बटणं! उद्या दुपारपर्यंत चालू झाली तर ठीक. नाही तर ट्रायल संपली असं समज."

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच! मशीन गप्प. मी समोरच्या मेडिकलमध्ये गेले आणि मॅडमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्या फोनवर आल्या आणि मी भोकाडच पसरलं.

"रडू नको वं. भिंतीपासून सांग."

सांगितलं. सगळं.

"किसनभाऊ पाणी घालून राहिले न?"

"हो मॅडम, रोज. उलट त्यांनी तर किती छान ओटा बांधला तिथं."



"काय बांधलं?"

"ओटा. सिमेंटचा. गेरू लावून."

"मी येऊन राहिली," म्हणाल्या आणि फोन खाली.

अर्ध्या तासात सायकल रिक्षा दारात! मॅडम उतरल्या आणि मी बघतच राहिले. वांगी रंगाची रेशमी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, कानात झुमके. मला वाटलं लग्नाला निघाल्या असतील. त्या मात्र थेट इमारतीच्या मागे. किसनभाऊ कौतुकानं पुढे धावले.

"पाहा मॅडम! देव बिचारा खड्ड्यात बसून होता. तुम्ही एवढं मनापासून पाणी घालता, मीठ वाहता, म्हटलं त्याले नीट बसवावं. आमच्या भाच्यानं केलं, गवंडी आहे तो."

पाइप पार सिमेंटखाली गडप झालेला. वर तुळशीची कुंडी, उदबत्ती, हळदकुंकू.

"आन पाणी?"

"रोज घातलं न! तुळशीले."

"मीठ?"

"मीठ कसं टाकू मॅडम? तुळस जळन न!"

मॅडमनी ओट्याभोवती एक चक्कर मारली. "काम सुंदर केलं तुम्ही किसनभाऊ," त्या म्हणाल्या. "आता सब्बल आणा."

"देवाचा ओटा मी नाही फोडत, मॅडम."

"नका फोडू. तुळशीले घेऊन चला माह्यासंगं." तुळस वाजतगाजत म्हणावी अशी ऑफिसच्या पुढच्या दारी नेली, मॅडमनी स्वतः पाणी घातलं, नमस्कार केला. मग मागे आल्या, रेशमी पदर कमरेला खोचला आणि पहारीएवढी ती लोखंडी सब्बल स्वतःच उचलली!

आवाज ऐकून साहेब पळत आले. "मॅडम! हे काय करून राहिल्या?"

"साहेब, मशीनमधली फालतू वीज जमिनीत जाले इथल्या पाइपले तार जोडली आहे. अर्थिंग म्हणतात. माती ओली असन तर वीज जाते. मीठ ओल धरून ठेवते. आपल्या उन्हात माती झाली कोरडी, वरून सिमेंट. मंग ते वीज जाईन कुठी? फिरते मशीनमध्येच आन पोरीचं नाव होते."

साहेब माझ्याकडे बघेनात. मॅडमनी बादल्यांवर बादल्या ओतल्या, मीठ टाकलं, हात धुतले, कपाटाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "बस. आन हळू टायपू नको. जेवढ्या जोरात येते तेवढ्या जोरात."

मी असं बडवलं असं बडवलं की विचारू नका! साहेब मागे उभे. मशीन एकदाही अडकली नाही. संध्याकाळी याद्या छापून निघाल्या आणि साहेब म्हणाले, "उद्या पक्कीची ऑर्डर घेऊन जा बेटा." बाबांना तार कशी करू नि काय करू असं झालं मला. मागे वळून पाहते तर मॅडम निघून गेलेल्या.

रविवारी मी संत्रा बर्फी घेऊन प्रताप नगरला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या वहिनीनं उघडलं. मी कोण ते कळल्यावर म्हणाली, "अच्छा, फोनवाली तूच का? वर्ध्याहून पाहाले आले होते हिले. मास्तर. बायको वारलेली, पण माणूस चांगला. किती मुश्किलीनं जमवलं होतं यांनी! पोह्याच्या प्लेटा हातात, आन ही बाई उठून रिक्षात बसली. काल निरोप आला. नाही म्हणतात."

माझ्या हातातली बर्फी जड झाली. वहिनी आत गेली. मॅडम ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी जवळ जाऊन बसले.

"मॅडम, माझ्यापायी झालं न हे?"

"तुह्यापायी काहून?" त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "मास्तरानं काही वाईट नाही विचारलं. मलेही वाटून राहिलं होतं, बरं होईन. मंग फोन आला."

"मग थांबायचं न मॅडम. दुसऱ्या दिवशी आल्या असत्या."

"दुसऱ्या दिवशी तू मौद्याच्या गाडीत बसली असती." एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला. "तू येण्याच्या आधी त्या खोलीत मी एकटीच होती वं. दिवसभर तोंड उघडाचं काम नाही. संध्याकाळी घरी येऊन वहिनीले काही म्हणाले जाव तर आवाजच फुटे ना. खाकरून घ्या लागे पहिले."

मीही सुपात हात घालून खडे वेचायला लागले.

"चिवडा खातेस?" त्या उठल्या. "पाहुण्यांसाठी केला होता, डबाभर उरला आहे. मीच केला, वहिनीनं नाही."

थोडा तिखट झाला होता. मी दोनदा मागून घेतला, आणि अंधार पडेपर्यंत त्यांना मौद्याच्या गोष्टी सांगत बसले.