आधी अप्पाशी बोल

शरणप्पा अण्णांना फोनवर ओटीपी सांगायला लागलं की ते पेन खाली ठेवतात. आकडे ऐकूनच घेत नाहीत. आधी विचारतात, "जेवलास का?"

कानडी सीमेवरच्या आमच्या भालकीत बसस्टँडच्या मागं, माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून त्यांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक कम्प्युटर, दोन खुर्च्या आणि बसवण्णांचा फोटो. आमच्या लाइनीतल्या बहुतेक दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न तिथूनच जातात. रिटर्न भरून झाला की शेवटी मोबाईलवर ओटीपी येतो, सहा आकडे. ते कम्प्युटरवर टाकले की महिन्याचं काम मिटलं. दुसरे कन्सल्टंट त्यासाठी आपलाच नंबर देऊन मोकळे होतात. अण्णा स्वतःचा देत नाहीत, दुकानदाराचाही देत नाहीत. दुकानदाराच्या लेकराचा देतात, आणि त्यातही जे सगळ्यात लांब राहतं त्याचा.

माझा महेश हैदराबादला असतो. मी अण्णांशी भांडलो. म्हणलं, "पोरगं तिकडं मीटिंगमधी असतंय. माझा नंबर घाला की."

"तुमचा घालून काय करू? तुमी तर हितंच हाव."

आता ह्या माणसाला काय बोलावं?

दर महिन्याला मी त्यांच्याकडं जाऊन बसायचो. तारीख जवळ आली की सरकारी वेबसाइट हमखास अडायची. पडद्यावर नुसती चकरी फिरायची. माझा जीव वर-खाली व्हायचा आणि अण्णा त्या चकरीकडं असं बघायचे, जसं कुणी तळ्याच्या काठाला बसून पाण्याकडं बघतंय. "सर्वर झोपलंय," हळूच म्हणायचे. "उठवू नका." दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं, पलीकडच्या मिलमधून तुरीच्या डाळीचा वास यायचा, पंखा फिरायचा. बघता बघता माझेही डोळे मिटायला लागायचे. दुकान, गिऱ्हाईक, दंड, सगळं कुठं तरी लांब राहून जायचं.

मग सर्वर उठायचं. अण्णा महेशला फोन लावून स्पीकरवर टाकायचे. महेश घाईघाईत आकडे वाचायला लागायचा.

"ऱ्हाऊ दे ते. आधी अप्पाशी बोल."

मी काय बोलणार? "पाऊस हाय का तिकडं?" "न्हाई अप्पा." "हितं बी न्हाई." एवढ्यावर आमचं संपायचं. पण अण्णा संपू द्यायचे न्हाईत. "खोकला कशाचा येतोय रे? अप्पाला सांगितलास का?" मग खोकल्याचं निघायचं, खोकल्यावरून मेसच्या जेवणाचं, मेसवरून नव्या साहेबाचं. तोवर दहा मिनिटं उलटून ओटीपी मरून जायचा. एकदा मी तापलोच. अण्णा शांतपणे म्हणाले, "दुसरा मागवू. सरकारकडं ओटीपीला काय तोटा हाय?"

ह्या दिवाळीला महेशनं माझ्या मोबाईलवर हिशोबाचं ॲप टाकून दिलं. बिलाचा फोटो काढला की ते आपोआप नोंद करतं, महेश तिकडून बघतो, तिकडूनच रिटर्न भरतो. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि तोच टाकतो. मला कुणाकडं जायला नको, त्याला कुणाचा फोन नको. अण्णांना सांगितलं तर त्यांना राग आला नाही. चहा पाजला, वर फोटो सरळ कसा काढायचा तेही दाखवलं.

पहिल्या महिन्यात मी खूश होतो. पुढच्या महिन्यात मोबाईलवर हिरवी खूण आली, रिटर्न भरल्याची. त्याच्या पुढच्या महिन्यातही आली. त्या खुणेला मी काय विचारायचं, खोकला गेला का म्हणून? तसा फोन करायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण काम नसताना पोराला फोन करायची आमच्या घरात रीतच न्हाई. माझ्या बापानं मला केला नाही, मी महेशला केला नाही. मला मात्र करमेना झालं. कशावरून तरी बायकोवर खेकसायचो आणि ती म्हणायची, "कामून चिडायलाव? जावा, अण्णाकडं बसा."

शेवटी एका दुपारी गेलो. माझा रिटर्न परत तुमीच भरा, असं सांगायचं ठरवून गेलो होतो.

"बन्नी, या, बसा," अण्णा म्हणाले. "माझाच भरायलोय."

मला हसू आलं. "अण्णा, तुमची कमाई ती केवढी? तुमाला जीएसटीचा नंबर काढायची गरजच काय?"

"गरज न्हाई," म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मेसेज होता, नुसते सहा आकडे. वर नाव होतं, गौरी.

गौरी त्यांची एकुलती एक लेक, बेंगळूरला असते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि अण्णा लग्नाला गेले नाहीत, हे आमच्या लाइनीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून ती बापाशी बोलत नाही, हेही ठाऊक आहे.

"तिचा नंबर घातलाय," अण्णा पडद्याकडं बघत म्हणाले. "फोन उचलत न्हाई. पण आकडे पाठवती. एक महिना चुकली न्हाई."

चष्मा वर करून ते आकडे बघत बसले. टाकायचं नाव नाही. चकरीसुद्धा फिरत नव्हती, सर्वर चांगलं जागं होतं.

"टाका की अण्णा, वेळ जायलाय."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "ह्यो गेला की दुसरा मागता येतोय. मग ती अजून एकदा पाठवती."

मी उठून बाहेर उन्हात आलो आणि महेशला फोन लावला.

"अप्पा? ओटीपी पायजे का?"

न्हाई म्हणालो. "जेवलास का?" विचारलं, आणि फोन ठेवला नाही.